इंजिन पाणी प्यायला थांबलं नाही तो दिवस

आमच्या गावातलं कुणी गाडीच्या वेळेवर स्टेशनात गेलंय, असं मी तरी कधी पाहिलं नाही. लातूरकडं जाणाऱ्या छोट्या गाडीचं इंजिन आमच्या स्टेशनावर पाणी प्यायचं, चांगली वीस मिनिटं. दगडी स्टेशन आज्याच्या आधीचं, आणि ही सवयही तितकीच जुनी. लांबून शिट्टी ऐकू आली की अपडाऊन करणारी मंडळी ताटावरून उठायची, हात धुवायची, पान लावायची आणि मग आरामात निघायची. कुणी पळताना दिसला की आम्ही ओळखायचो, हा परगावचा पाहुणा हाय.

लातूर जिल्हा झाला, त्याच्या मागोमागच्या दुष्काळात मला नव्या कचेरीतून कारकुनाची ऑर्डर आली. टपालात लई दिवस फिरून ती हातात पडली तेव्हा एकच दिवस उरला होता. उद्या बाराच्या आत हजर व्हा, नाहीतर नाव रद्द. गावातून नोकरीला लागणारी पहिली पोरगी मी, त्याचा मला भारी तोरा होता. सकाळी शिट्टी झाली तेव्हा मी आरशापुढं होते. आईनं दोनदा हाक मारली. मी म्हणाले, इंजिनाला पाणी तर पिऊ दे की.

स्टेशनापाशी पोचले तर गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून चाललेली. रेल्वेची विहीर आटली होती, म्हणून त्या दिवसापासून इंजिन मागच्या स्टेशनावरच पाणी भरून यायला लागलं होतं. फलाटावर सात-आठ अपडाऊनवाले तोंडात पान धरून उभे, एकाच्या हातात तर अजून चुन्याची डबी. स्टेशनमास्तर म्हणाले, कालच फळ्यावर लिहिलं होतं. आता आमच्या गावात फळा वाचतंय कोण! बाकीच्यांची फार तर एक रजा जाणार होती, माझी नोकरीच चालली होती. पुढची एसटी दुपारी एकला. मी नव्या पातळासकट तिथंच रडायला बसले.

रेल्वेच्या त्या विहिरीपाशीच गावासाठी आलेला पाण्याचा टँकर उभा होता. रिकामा झाला की तो लातूरलाच परत भरायला जायचा. पण पुढं घागरींची ही भली मोठी रांग. आटलेल्या विहिरीत पाणी ओतलं की निम्मं जमिनीत जिरतं आणि उरलेलं गढूळ होतं, म्हणून बायांनीच नियम केला होता की पाणी पाइपानं थेट घागरीत घ्यायचं, नंबरानं. त्याला दोन तास तरी लागायचे. माझ्या मागून आलेल्या आईनं ड्रायव्हरला लाख विनवलं, तो नुसता रांगेकडं बोट दाखवायचा.

पहिला नंबर शेजारच्या काकूंचा होता. पाण्याच्या नंबरावरूनच त्यांची आणि आईची आठवड्यापूर्वी कडाक्याची जुंपली होती, तेव्हापासून बोलणं बंद. काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि आपली घागर उचलून बाजूला ठेवली.

"सोड सगळं विहिरीत," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "आमचं आम्ही शेंदून घेऊ. पोरीला आधी पोचीव."

मागं एकदोघी कुरकुरल्या. काकूंनी वळून नुसतं बघितलं, तशा त्यांनीही आपापल्या घागरी बाजूला घेतल्या.

बाराला दहा मिनिटं कमी असताना मी नव्या कचेरीत सही ठोकली.

संध्याकाळच्या गाडीनं परत आले तर बाया अजून विहिरीवरच. पाणी आता बादलीला लागत नव्हतं. काकू दोर धरून आत उतरल्या होत्या आणि वाटीनं घागर भरत होत्या. वरून दोर ओढायला आई. माझी मान खाली गेली. पदर खोचला आणि आईच्या मागं दोराला हात घातला.

खालून काकूंनी विचारलं, "झाली का गं सही?"

मी झाली म्हणाले.

"मग तुझ्या आईला सांग, ही घागर घरी ने म्हणावं. सकाळपासून साऱ्या गावाला शेंदून देतीया, स्वतःला थेंब घेतला न्हाई."