ताईने वाढवलेला आवाज

ताई गेल्याचा फोन भाच्याने केला, तेव्हा मी तिच्यावर चिडलेलोच होतो. तीन आठवडे तिचा एकही फोन उचलला नव्हता. आता दीड महिना झाला. राग आहे तसाच आहे, काढायला माणूस उरलेलं नाही.

शोकसभेत तिच्या ऑफिसातले लोक भरभरून बोलले. ताई परिवीक्षा अधिकारी होती. गुन्ह्यात सापडलेल्या पोरांच्या घरी जायचं, त्यांचं लहानपण खोदून काढायचं आणि पोरगं असं का वागलं याचा अहवाल कोर्टाला द्यायचा, हे तिचं काम. उतईपासून मोहन नगरपर्यंत कुठल्या घरात कोण पितं, कोण हात उचलतं, तिला तोंडपाठ. 'पोराला नावं ठेवण्याआधी त्याच्यावर काय गुदरलं ते बघा,' असं ती म्हणायची म्हणे. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो... माझ्यावर काय गुदरलं हे तिला कुणाला विचारावं लागलं नसतं.

सोळाव्या वर्षी मी वर्गातल्या एका मुलाला सायकलच्या चेनने मारलं. तो मला हसला होता, एवढंच. त्याचा डोळा गेला. तेव्हा आम्ही बाबांच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. कोर्टाकडून चौकशीला एक साहेब घरी आले. ताई तेव्हा कॉलेजात शिकत होती, चहा तिनेच आणला. "घर में मारपीट होती है क्या?" साहेबांनी विचारलं. बाबा समोरच बसले होते, कमरेला तोच पट्टा. ताई म्हणाली, "नहीं सर, हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं है." अहवालात आलं, घर चांगलं, मुलगा मुळातच रागीट. तो शिक्का घेऊन मी सुधारगृहात गेलो. चार वर्षांनी तिने ही नोकरी धरली आणि जन्मभर परक्या पोरांची कारणं शोधली.

मी स्वतःला धुतल्या तांदळासारखा म्हणवत नाही. कारण सापडलं म्हणून त्या मुलाचा डोळा परत येत नाही. शिवाय त्याच घरात ताईही वाढली, तिने कुणाला बोटही लावलं नाही. शेवटच्या भेटीत, जुनवानीच्या तिच्या घरी, मी हेच विचारलं. "तू कावून नाही बिघडली वं ताई?"

ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत. "मले पट्टा पडतच नोहता. बाबा तुले माराले लागले का मी टेपचा आवाज वाढवत होती. बाजूच्या लोकाईले आयकू जाऊ नाही म्हणून." मग म्हणाली, "मले कोणी सांगतलं नोहतं रे. मीच करत होती."

टेप मला आठवत होता. मला वाटायचं, माझं ओरडणं तिला सहन होत नाही म्हणून ती तो वाढवते. इतकी वर्षं तेवढ्यावर तिला माया लावली होती... मी चपला घातल्या. "जेवून तरी जाय," ती म्हणाली. ऐकलंच नाही असं दाखवून मी निघालो. तेवढं तिच्याकडून शिकलो होतो.

हल्ली घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवला की मी भरल्या ताटावरून उठतो आणि आतल्या खोलीत बघून येतो. मुलगी अभ्यास करत असते. "क्या हुआ, बाबा?" ती विचारते.

"काही नाही वं," मी म्हणतो.