लांब उभे राहिलेले मेश्राम

रांझीच्या कारखान्यात पुंडलिक मेश्राम यांनी एकतीस वर्षं तोफगोळ्यांच्या कवचांचे एक्स-रे काढले. शेवटचा माणूस खोलीबाहेर गेल्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलं नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या पोटात रक्त गळू लागलं. तीन महिन्यांत चौदा बाटल्या रक्त चढलं. तोंडातून, खालून दुर्बिणी घालूनही जागा सापडेना. सर्जन म्हणाले, जागा कळली तरच ऑपरेशन, आणि आणखी एक मोठा रक्तस्राव यांना झेपायचा नाही.

म्हणून हा स्कॅन. हातातून रक्त काढलं, त्यात किरणोत्सारी औषध मिसळलं आणि तेच परत शिरेत सोडलं. गळती चालू असेल तेव्हाच ती कॅमेऱ्याला दिसणार होती. दीड तासात पडद्यावर हृदय, यकृत, मोठ्या शिरा उगवल्या. बाकी पोट काळं.

"दादा, अभी तो कुछ नहीं," टेक्निशियन विनीता म्हणाली. "बाहर बैठिए, दो घंटे बाद फिर देखेंगे. कुछ भी लगे तो तुरंत बताना."

बाहेर बाकावर एक बाई तान्हं बाळ घेऊन बसली होती. मेश्राम तिथं बसलेच नाहीत. व्हरांड्यातही माणसं होती, म्हणून ते सायकल स्टँडच्या मागे जाऊन भिंतीला टेकले. एक कुत्रं आलं, त्यालाही हुसकावलं. भर दुपारी त्यांच्या अंगातून काहीतरी चहूकडे निघालं होतं, पत्र्यातून, झाडातून आरपार. त्याला ना आवाज, ना ऊब. त्यांनी हात पाहिला. हात नेहमीसारखाच होता.

बायको गीताबाईंना ते सापडले तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता.

"तिथंच थांब! जवळ येऊ नको."

"काहून? भूत लागलं का तुम्हाला?"

"आता मीच मशीन आहे. दहा फूट लांब राहा."

"ती स्कॅनवाली पोरगी केव्हाची शोधून राहिली! तोंड पाहा, कागद झाला नुसता."

"चक्कर आली जराशी. जाईल."

"अन् सांगितलं काहून नाही? त्याच्यासाठीच तर बसवलं होतं तुम्हाला!"

 चक्कर म्हणजे आत गळती चालू; इतरांना जपताना मेश्रामांनी नेमकी ती वेळच दडवली होती. गीताबाईंनी त्यांचा दंड धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

पुन्हा कॅमेऱ्याखाली झोपल्यावर बाराव्या मिनिटाला पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, एक कण उजळला. दुखलं नाही. कण वाढला, लांबला आणि आतड्याच्या वळणानं हळूहळू सरकू लागला, जणू आत कुणी कंदील घेऊन चाललं होतं.

"मिल गया," म्हणत विनीतानं सर्जनला फोन लावला.

मेश्राम पडद्याकडे पाहत राहिले. ते रक्त त्यांचंच होतं, आणि त्यांना न विचारता पुढे चाललं होतं.