एका मिनिटाची कॉफी

आळंदच्या अडत बाजारात सिद्धरामच्या हॉटेलाला नाव नव्हतं. "चला, च्या घेऊ" म्हटलं की पाय आपोआप तिकडेच वळायचे. वर पत्रा, मागे बायकोची चूल आणि पुढे ओट्यावर एक लांब सागवानी बाकडं. बाकडं सिद्धरामचं नव्हतं, बाजारातल्या दलालांचं होतं. पण हॉटेल चालत होतं ते त्या बाकड्याच्या जिवावर.

तुरीचे सौदे त्या बाकड्यावर व्हायचे. दलाल आणि शेतकरी खेटून बसत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. वर तोंडाने लेकीबाळींची विचारपूस, खाली बोटांची कुस्ती. रुमाल पडला की सिद्धराम आत ओरडायचा, "दोन ठेव गं!" आणि गुरुबाई चूल फुंकायला घ्यायची. चहा येईपर्यंत घासाघीस चालायची. चहा आला, दोघांनी घोट घेतला, की सौदा पक्का. त्या क्षणी बोटं जिथं असतील तो भाव. मग कलेक्टर आला तरी मोडायचा नाही.

गुरुबाईची लाकडं बारमाही ओली. त्यामुळे चहाला वेळ लागायचा, आणि या वेळाची सिद्धरामला फार लाज वाटायची. आपण चहा विकतो, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

तसा तो घाईचा मोठा भक्त. स्वतः ऊन डोक्यावर आल्याशिवाय आंघोळीला उठायचा नाही, पण बाकीचं जग पळत असावं अशी त्याची इच्छा. पोलीस ॲक्शन होऊन चार वर्षं झाली होती, तरी एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती. "पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "अन् आमच्या घरात दोन कप च्याला अर्धा तास! देश पुढं जायचा कसा?"

"देशाला सांगा लाकडं वाळवून द्यायला," गुरुबाई आतून म्हणायची.

अशा माणसाला सोलापुरात एका कापड दुकानात साक्षात्कार झाला. शेठने डब्यातून चमचाभर तपकिरी भुकटी कपात टाकली, वर कढत पाणी ओतलं, ढवळलं. झाली कॉफी! चूल नाही, गाळणी नाही, खाली गाळसुद्धा नाही. सिद्धराम साखर घ्यायला गेला होता, तो डबा घेऊन परतला. करोडगिरीच्या जकात नाक्यावर जवानाने डबा उघडायला लावला, नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

जवानाचाही दोष नव्हता. डब्याचा वास खरंच असा होता की माणसाला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं. झाकण उघडलं की बाजारातली हळद, मिरची, गूळ सगळे मागे सरायचे. चमचाभर पूड पाण्यात पडून नाहीशी होताना बघायला माणसं गर्दी करत. दोन दिवस नुसतं बघण्यातच गेले.

तिसऱ्या दिवशी लोकांनी ती प्यायली. जळक्या चिंचोक्याच्या काढ्याजवळ उभं राहून कुणीतरी कॉफीचं नाव घ्यावं, तशी चव.

"वास डब्यातच ऱ्हायला की, अण्णा," मादन हिप्परग्याचा बिराप्पा म्हणाला. तो दर हंगामात तूर घेऊन यायचा आणि खरं बोलायची त्याला खोड होती.

"तुला सवय न्हाई," सिद्धराम म्हणाला. "मोठी माणसं हेच पितात."

"मग मोठ्या माणसांची दया यायलीय मला."

सिद्धरामने चहा बंद केला, गुरुबाईला फक्त पाणी कढत ठेवायला सांगितलं आणि दारावर पाटी लावली: 'एका मिनिटात कॉफी'. मराठीत, कानडीत आणि उर्दूत.

त्याच आठवड्यात बिराप्पा गाड्या घेऊन आला. उन्हात चालून घसा कोरडा पडलेला. लिंगराज दलालाने त्याला बाकड्यावर बसवलं आणि रुमाल टाकला. भाव पाडण्यात लिंगराजचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. नेहमीप्रमाणे त्याने पहिली बोटं अगदी खालच्या भावाची धरली. एवढ्यात सिद्धराम दोन कप घेऊन हजर! बिराप्पाने मोकळ्या हाताने कप उचलला आणि चटका सोसत घटाघटा अर्धा संपवला. लिंगराजने जीभ पोळवून घेतली, पण घोट घेतलाच.

"सौदा पक्का!"

"आरं कशाचा पक्का? मी आत्ता बूड टेकवायलोय!"

"घोट घेतलास का न्हाई?"

"तहान लागली म्हणून पेलो!"

"मग हिरीवर जायाचं. हितं कामून आलास?"

सगळा बाजार जमला. रीत म्हणजे रीत. बिराप्पाची तूर मातीमोल गेली. जाताना त्याने सिद्धरामकडे असं बघितलं की सिद्धरामने पाटीकडे नजर वळवली. दलालांना मात्र कॉफीची चव एकदम आवडायला लागली. "सिद्राम, सुधारणा पायजेच रे बाबा," लिंगराज म्हणाला.

पण शेतकरीही कप बघत होते. चार दिवसांनी एका म्हाताऱ्याने रुमालाखाली वाट्टेल तेवढा चढा भाव दाबला आणि लिंगराज दचकून "आँ?" करेपर्यंत आपला कप संपवला. लिंगराजच्या हातात सवयीने कप होता आणि तोंड उघडं होतं. घोट गेला.

दुसऱ्या दिवशी दलालांची बैठक बसली आणि सुधारणा वाईट असते असं एकमताने ठरलं. चौघांनी बाकडं उचललं आणि समोरच्या ईरण्णाच्या हॉटेलात नेऊन ठेवलं.

ओटा मोकळा झाला तेव्हा सिद्धरामला हॉटेल किती लहान आहे ते दिसलं. येणारा-जाणारा वासाने तरी वळेल म्हणून तो डब्याचं झाकण काढून डबा कढत पाण्याच्या पातेल्याला लावून ठेवायचा. लोक वळायचे, वास घ्यायचे आणि ईरण्णाकडे जायचे. इकडे भुकटी गुपचूप वाफ पीत होती. मिठाला ओल लागते, साखरेला लागते. पण या पुडीची हाव दोघांपेक्षा जास्त. एका सकाळी चमचा आत जाईना. डब्यात काळा, चिकट दगड झाला होता.

"डांबर हाय का काय ओ हे?" गुरुबाईने विचारलं.

"कॉफी हाय!"

"मग मी काय बोलू?"

टाकवेना, विकवेना. शेवटी त्याने बत्त्याने ढेकळं फोडली आणि दूध, गूळ, सुंठ घालून पातेलं ओल्या लाकडांवर चढवलं. ढेकळं हट्टी. तळाशी बसून राहिली.

तिकडे ईरण्णा फुगला होता. बाकडं का आलं याचा त्याने अभ्यास केला. सिद्धरामचं बुडालं ते मिनिट फार लांब पडलं म्हणून, हे त्याचं निदान. त्याने सोलापूरहून दुप्पट मोठा डबा मागवला आणि पाटी रंगवली: 'अर्ध्या मिनिटात कॉफी'.

दोन दिवसांत बाकडं रस्त्यावर आलं. घामाघूम दलालांनी ते सिद्धरामच्या ओट्यापाशी टेकवलं, पण वर चढवलं नाही. लिंगराज आत डोकावला.

"पातेल्यात काय हाय?"

"कॉफी."

दलालांनी बाकडं पुन्हा उचललं.

"किती येळात व्हती?" लिंगराजने दरडावून विचारलं.

सिद्धरामने पाटीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. आयुष्यभर ज्याची लाज वाटली ते आता बाजारासमोर बोलायचं होतं. बाकडं हवेत होतं. "न्हाई विरघळायली," तो पुटपुटला. "लई येळ लागंल."

लिंगराजचा चेहरा उजळला. "लागू दे की! ठेवा रे बाकडं. कुणाकडं रुमाल हाय?"

डबा संपल्यावर चहा पुन्हा सुरू झाला. पाटी मात्र सिद्धरामने काढली नाही. तीन भाषांत लिहून घेतली होती. पुढच्या हंगामात बिराप्पा त्या पाटीखाली बसला, हात लिंगराजच्या रुमालाखाली, शेजारी घरून भरून आणलेला पाण्याचा तांब्या. ऊन ओट्यावरून भिंतीवर चढलं, तरी बोटं चालूच होती.

"सिद्रामअण्णा," त्याने आत हाक मारली, "झाला का तुझा मिनिट?"

"व्हायलाय, व्हायलाय," आतून धुरातून आवाज आला. "मिनिट हाय बाबा, घाई करून कसं भागंल?"