भोंग्यातला बोळा

विषारी वायू गळाला की वाजणाऱ्या भोंग्याच्या सर्किट बोर्डाची चाचणी मी शिरूरला घरी बसून कॉम्प्युटरवर केली होती. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून सिग्नल पळतो. रेघेचं माप जमलं नाही, तर विहिरीत मारलेल्या हाकेसारखा तो परत येतो आणि यंत्राला नसलेला सिग्नल ऐकू येतो. बोर्ड बनताना जाडी थोडी कमीजास्त होतेच, म्हणून ती बदलून पाहिली, तेव्हा पडद्यावर परतणाऱ्या सिग्नलचा उंचवटा स्पष्ट दिसला. मी जाडी पुन्हा पुस्तकातली टाकली, उंचवटा गेला आणि रिपोर्ट पाठवून दिला. सगळेच असं करतात, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात हलकट सबब.

ते बोर्ड कुरकुंभच्या ज्या कारखान्यात लागले, तिथं माझे मामा ऑपरेटर होते. केडगावला त्यांच्या घरी जेवताना ते म्हणाले, "तुझा भोंगा उगंच वरडतो रं, दिसातनं धा येळा. पोरांनी वैतागून बोळा कोंबलाय त्यात." सगळे हसले. मीही हसलो. बोळा काढा म्हणालो नाही; म्हणालो असतो, तर भोंगा उगाच का वाजतो तेही सांगावं लागलं असतं.

महिन्याभरानं खरोखर गळती झाली. भोंगा वाजला, पण कुणाला ऐकू गेला नाही.

आता मामा बसूनच झोपतात. आडवं झालं की श्वास पुरत नाही. परवा त्यांनी विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटरात काय दिसलं न्हवतं व्हय?"

"नाही मामा."

"मंग तुझा काय दोष," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.