दोन पहिली जेवणं

मी आयुष्यात एकच उपवास केला, आणि त्या दिवशी माझ्या पँटचं बटण तुटलं.

झालं असं की, आम्ही आईची पंच्याहत्तरी करायची ठरवली. हॉल ठरला, केटरर ठरला, आणि आईने जाहीर केलं, "माझ्या माहेरचं कुणी आलं नाही तर मला ओवाळायचं नाही." आता आईचं माहेर म्हणजे बडोद्याचे दोन चुलतभाऊ. सख्खं कुणी उरलेलंच नाही. थोरले अण्णामामा घडियाळी पोळमध्ये, धाकटे बापूमामा वासण्याला. एकाच शहरात राहतात, पण वडील गेल्यापासून एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

कारण तलवार! खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांची तलवार घरात होती. वाटणीच्या वेळी थोरल्यांनी तलवार घेतली आणि धाकट्यांनी रागाने म्यान उचललं. तेव्हापासून घडियाळी पोळमध्ये भिंतीवर जुन्या चादरीची खोळ घातलेली तलवार लटकते आहे आणि वासण्याला काचेच्या पेटीत रिकामं म्यान. (दोघंही येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने दाखवतात.)

नुसत्या फोनवर दोघं येणार नाहीत, समक्ष जाऊन अक्षता द्यायला हव्यात, असं आईचं म्हणणं. म्हणून एका शनिवारी पहाटे आई, बायको आणि मी नाशिकहून गाडीने निघालो. सापुताऱ्याचा घाट उतरल्यावर आई हळूच म्हणाली, "सुधीर, एक घोळ झालाय रे."

"औषधं विसरलीस?"

"नाही. अण्णाला मी सांगितलंय, पहिलं जेवण तुझ्याच घरी."

"मग बरोबरच आहे. थोरला मान."

"बापूलाही तेच सांगितलंय."

मी गाडी बाजूला घेतली. "आई! असं कसं सांगितलंस?"

"दोघांनीही तीच अट घातली. नाही म्हटलं असतं तर एक तरी आला नसता. मला दोघं हवेत रे." तिचा आवाज जरा ओला झाला, आणि आईचा आवाज ओला झाला की माझं डोकं चालायला लागतं. हीच सगळ्या अनर्थाची सुरुवात असते, असं बायको म्हणते.

"सोपं आहे," मी म्हणालो. "अण्णामामांकडे आपल्या तिघांचा शनिवारचा उपवास! एखादं केळं, कपभर दूध. त्यांचा पहिला मान राहिला. आणि फराळ म्हणजे काही जेवण नव्हे, त्यामुळे पहिलं जेवण बापूमामांकडेच. कोण खोटं बोललं? कुणीच नाही!"

"मारुतीला यात ओढू नकोस," आई म्हणाली. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

घडियाळी पोळच्या तोंडाशी गाडी लावून आम्ही गल्लीतून चालत गेलो. दारात अण्णामामा उभेच. "या, या! केम छो? मजेत ने? चला, पानं वाढलीच आहेत."

मी चेहरा शक्य तितका सात्त्विक केला. "मामा, माफ करा. आमचा तिघांचाही शनिवार असतो."

मामांचं तोंड एवढंसं झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पण आतून थोरल्या मामींचा आवाज आला, "उपवास? अरे वा! मग तर मजा! आधी का नाही सांगितलंत? बसा ने, आत्ता करते!"

मला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. बडोद्यात उपवास हा न खाण्याचा प्रकार नसून वेगळा मेनू असतो!

साबुदाण्याची खिचडी आली. पाठोपाठ मोरैयो, म्हणजे आपली वरी. राजगिऱ्याच्या पुऱ्या, सुरणाची भाजी, दह्याची कढी, वर फराळी चिवडा. मी "बास, बास" म्हणत होतो आणि मामी "फराळीच आहे, चालेल!" म्हणत वाढत होत्या. आईने साखर पुढे केली (मधुमेहाची, खायची नव्हे), बायकोने डाएट पुढे केलं. घराण्याची अब्रू राखायला उरलो मी. शिंगाड्याचा शिरा दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर मामींनी केळं आणि दूध आणलं! "उपवासाला एवढं तरी घ्यायला हवं."

आईने अक्षता दिल्या. मामांनी त्या देवापुढे ठेवल्या आणि विचारलं, "तो येणार आहे का?" आई म्हणाली, "बोलावणार आहे." "आता बापूमामांना उभ्याउभ्या भेटून येतो," असं म्हणून आम्ही सटकलो. गाडीत बसताना ते बटण गेलं.

वासण्याला बापूमामांनी दार उघडलं तेव्हा घरभर उंधियूचा वास होता. एरवी मी त्या वासासाठी सापुतारा पायी उतरलो असतो! "तिकडे काही खाल्लंत?" मामांनी संशयाने विचारलं.

"कुठे? जेवण असं काहीच नाही," मी म्हणालो. (वाक्य तपासून पाहा, कायद्याने चोख आहे.)

"शाबास! याला म्हणतात भाचा!" म्हणत त्यांनी मला पाटावर बसवलं. उंधियू, पुरी, लिलव्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची कचोरी, जलेबी, श्रीखंडासारखा मठो. पहिल्या घासाला मला भरून आलं, आणि ते भावनेने नव्हतं. मामा स्वतः शेजारी बसून आग्रह करत होते. "घे ने, दमून आलायस! अजून एक वाडगी!" तिसरी वाडगी माझ्या पोटात जागा शोधत असताना धाकट्या मामींचा फोन वाजला. त्यांचे हात तेलाचे, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"अगं," थोरल्या मामींचा आवाज, "उंधियू नाही ना वाढलंस? तिघांचा शनिवार आहे हो! आणि त्यांचा रात्रीच्या फराळाचा डबा इथेच राहिला. हे निघालेत घेऊन. म्हणाले, लेकरं उपाशी झोपतील. कालच्यासारखी फोन ठेवायची घाई करू नकोस, ऐक..."

जावा जावा रोज बोलतात, हे बापूमामांना आत्ता कळत होतं. माझा शनिवारही आत्ताच कळत होता. कुठल्या गोष्टीवर आधी चिडावं ते त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात अण्णामामा, हातात चार पुडांचा डबा. इतक्या वर्षांत त्यांनी या दाराची पायरी चढली नव्हती. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात नेमकी कचोरी होती. ती लपवायला मला तोंडाखेरीज दुसरी जागा सुचली नाही.

"हा उपाशी होता!" अण्णामामा म्हणाले.

"माझ्याकडेही उपाशीच होता," बापूमामा म्हणाले. "उंधियू तीन वाडग्या झालंय, दादा."

'दादा' ऐकून आईने पदर डोळ्याला लावला.

"तीन? अरे, माझ्याकडे खिचडी दोनदा घेतली. वर शिरा!"

"शिराही?"

"दोनदा! मग केळं, दूध."

दोघंही भाऊ माझ्या पोटाकडे बघू लागले. आधी बापूमामांना हसू फुटलं, मग अण्णामामांना, आणि मग दोघांनाही आवरेना. आईने सगळा घोळ खरा खरा सांगून टाकला, तसे ते आणखीच हसले. धाकट्या मामींनी तेवढ्यात दुसरं पान मांडलं आणि थोरले दीर मुकाट्याने त्यावर बसले.

"ताई, आम्ही येतो पंच्याहत्तरीला," अण्णामामा म्हणाले. "दोघंही. एकाच गाडीतून. पण जेवणाचं काही याच्याकडे सोपवू नकोस."

"आणि आमच्या आधी याला पंगतीला बसवू नकोस," बापूमामा म्हणाले. "आम्हाला काही उरायचं नाही."

"नाहीच बसवणार," आई डोळे पुसत म्हणाली. बायकोनेही मान डोलावली.

ठराव असा बिनविरोध मंजूर झाला. विरोध करायचा मला होता, पण कचोरी अजून गिळली गेली नव्हती.