चार सह्या आणि जोडलेली पानं

आमच्या वाचनकट्ट्याला वार नाही. नळाला पाणी कधी येईल हे ज्या शहरात कुणी छातीठोक सांगू शकत नाही, तिथं वार ठरवून करायचं काय? पाणी आलं, टाक्या भरल्या, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला गारखेड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर सतरंजी पडते. पाण्याच्या दिवशी मात्र साहित्याचं नाव कुणी काढत नाही.

सतरंजीवर आम्ही चौघं. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी गल्ली मॅडम म्हणते. बँकेतून निवृत्त झालेले काका. माझ्या शेजारच्या वहिनी. आणि मी, शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. उन्हाळा लागला की आम्ही 'सुट्टीत काय वाचाल' अशी यादी करून जिन्याखालच्या फळ्यावर लावतो. गल्लीतली माणसं मोबाईलवर तिचा फोटो काढून नेतात, त्यामुळे आम्हाला जरा चढल्यासारखं होतं.

यादीत पुस्तक चढवायची रीत मॅडमनी घालून दिलेली. सुचवणाऱ्यानं ते आधी स्वतः वाचलेलं पाहिजे. मग ते बाकी तिघांच्या घरी आठ-आठ दिवस मुक्काम करतं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवलेला असतो. वाचून झालं की त्यावर 'वाचले' लिहायचं, एक ओळ अभिप्राय आणि खाली सही. चार सह्या झाल्या की पुस्तक यादीत. हजेरी घ्यायची सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

आता माझं सांगते. आमचं घर मेंढरं वळणाऱ्यांचं, गंगापूरच्या पलीकडचं. लहानपणी घरात छापील मजकूर म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि खताचं रिकामं पोतं. त्या घरातली पदवी घेतलेली पहिली मी. याचा मला गर्व आहे आणि तो मी पदराखाली झाकत नाही. पण गच्चीवर तो गर्व जरा आखडून बसायचा. मॅडमच्या घरी आजोबांपासूनचं पुस्तकांचं कपाट. काका तर कुठलंही नाव काढलं की म्हणणार, "ते होय, ते आम्ही शाळेतच संपवलं."

म्हणून यंदा मी सगळ्यांत जाड पुस्तक सुचवलं. सव्वाचारशे पानांची, जगण्याचा अर्थ वगैरे शोधणारी कादंबरी. कॉलेजात आमचे सर म्हणायचे, ज्यानं ही वाचली नाही त्यानं काहीच वाचलं नाही. मी बासष्ट पानं वाचली. तोवर नायक ओट्यावर बसून विचारच करत होता. बासष्टाव्या पानावर त्यानं पाय खाली सोडले आणि मी पुस्तक मिटलं. कागदावर लिहिलं, 'वाचले. जगण्याकडे बघण्याची नजर बदलते.'

माझं खरं वाचन कंपनीच्या बसमध्ये चालायचं. रहस्यकथा, त्याही वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या. गारखेड्यातून बस सुटली की पहिला खून, शेंद्रा येईस्तोवर दुसरा, आणि परतीच्या वाटेवर खुनी कोण ते कळायचं. हे मी गच्चीवर कुणाला सांगितलं नव्हतं.

महिन्याभरानं पुस्तक फिरून घरी आलं. काकांनी लिहिलं होतं, 'वाचले. मांडणी भक्कम.' वहिनींनी, 'वाचले. शेवट चटका लावून जातो.' मॅडमनी, 'वाचले. भाषा प्रवाही. शुद्धलेखनाच्या दोन चुका.' चारही सह्या झाल्या. मी फुगले.

त्याच दिवसांत वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येऊन माझ्याकडे राहिले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चौथीपर्यंत शिकलेले. डॉक्टरांनी नवा चष्मा दिला, तसे ते म्हणाले, "नवा डोळा काय कामाचा हाय ते बघू," आणि टेबलावरचं ते जाड पुस्तक उचललं. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत, दिवसाला पंधरा-वीस पानं.

एका रविवारी दुपारी कूलरसमोर बसून त्यांनी हाक मारली.

"माय, सुरी दे इकडं."

"कामून आबा? कांदा मी चिरते की."

"कांदा नाय. पानं चिरायचीत."

जाऊन बघितलं. एकशे पंचेचाळीसपासून पुढची सोळा पानं वरच्या बाजूला आणि कडेला एकमेकांना जोडलेली. छापखान्यात घडी कापायची राहून गेली होती. सुरी लावल्याशिवाय ती पानं कुणाच्या बापाला वाचता आली नसती. आमच्या आबांनी ती सुरीनं एकेक करून, लोकर उतरवावी तशी सोडवली. मग मागचा पुठ्ठा उघडून कागदावर बोट फिरवलं.

"चौघांनी वाचलं व्हय हे?"

"व्हय."

"मग मधलं कसं वाचलं? फुंकून?"

"खालून डोकावलं असंल."

"अन् तू?"

एसटीत शेजारी बसेल त्याला 'माझी लेक लई वाचती' सांगणारा हा माणूस. त्याच्यासमोर खरं बोलायला माझी जीभ उचलेना. म्हटलं, "मी कॉलेजातली दुसरी प्रत वाचली होती आबा."

"हां," आबा म्हणाले.

कळपात एखादं मेंढरू कमी भरलं की आबा असंच 'हां' म्हणतात आणि थोड्या वेळानं पुन्हा मोजतात. हे मला माहीत होतं. तरी माझं डोकं दुसरीकडेच धावलं. आजोबांपासूनचं कपाट, शाळेतच सगळं संपवलेले काका, आणि वहिनी, तिघंही एका घडीत सापडले होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती मजा.

पुढं लग्नसराई आली आणि दोन आठवडे कट्टा जमला नाही. तेवढ्यात मी सापळा नीट रचला. कादंबरीत नसलेला एक प्रसंग तयार केला. आबा पुढं वाचताहेत, याकडं मात्र माझं लक्षच नव्हतं.

कट्टा जमला. आबा टाकीच्या सावलीला शेंगा फोडत बसले होते. मी अगदी साळसूदपणे विचारलं, "ती विहिरीवरची संध्याकाळ कशी वाटली हो तुम्हाला? नायकाची बहीण घागर सोडून देते, ती?"

काकांनी डोळे मिटले. "तो प्रसंग म्हणजे कळस आहे."

"मी तर लई रडले," वहिनी म्हणाल्या. "आमचे हे विचारायला लागले, माहेरून फोन आला का म्हणून."

मॅडमनी चष्मा पुसला. "घागर हे प्रतीक आहे. ते लक्षात घ्यायला हवं."

मी गालातल्या गालात हसत होते. तेवढ्यात टाकीकडून आवाज आला.

"बहीण?"

सगळे वळले. आबांनी शेंगेचं टरफल बाजूला ठेवलं. "मला कुठं बहीण घावली नाय. नायक एकटाच हाय. त्याची माय म्हणती ना, मला एकच लेकरू झालं म्हणून. ऐंशी पानाच्या आसपास बघा."

"आबा, तुम्ही वाचलंत?" मॅडमनी विचारलं.

"कालच संपलं. बावीस दिस लागले." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पर माझ्या लेकीनं पयलं वाचलंय. तिलाच इचारा. हाय का गं माय, बहीण?"

ते पुन्हा मोजत होते.

दुसऱ्या आवृत्तीत बहीण होती, असं म्हटलं असतं तर तिघांनी माना डोलावल्या असत्या. त्यांना ती बहीण माझ्यापेक्षा जास्त हवी होती. पण आबांचा नवा डोळा माझ्यावर होता, आणि त्या डोळ्यासमोर एक खोटं आधीच बोलून झालं होतं.

"बासष्ट," मी म्हटलं. "मी बासष्ट पानं वाचलीत आबा. दुसरी प्रत-बित काही नव्हती."

आबांनी पुढची शेंग फोडली. मग काका खाकरले. "माझी चाळीस झाली होती. म्हणजे मांडणी तेवढ्यातही भक्कमच वाटते."

"मी आधी शेवटचं पान वाचते," वहिनी म्हणाल्या. "मग पहिलं वाचायची गरजच राहिली नाही."

मॅडम सगळ्यांत शेवटी बोलल्या. "प्रस्तावना. त्या दोन चुका प्रस्तावनेतल्याच आहेत."

आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काकांनी विचारलं, पुस्तक आहे कसं? तर म्हणाले, "चांगलं हाय. पर लोकर लई. भादरलं तर आत मेंढरू ब्येस निघंल." मग मला म्हणाले, "कव्हर घालून बसमधी वाचायला नेती ते दे की ह्यांना. ते हातात असलं की तू जेवायला उठत नाय."

म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. मी खाली गेले, रहस्यकथा आणली, कव्हर सर्वांसमोर काढलं आणि मागं कागद चिकटवून लिहिलं, 'वाचले. तीनदा. खुनी माहीत असूनही.' पहिल्यांदा कुणी न्यायची यावर काका आणि वहिनींची जुंपली, आणि तपासणीचा अधिकार आपला आहे म्हणत मॅडम ती घेऊन जिना उतरल्यासुद्धा.

जाड पुस्तकाच्या कागदावर आमच्या चारही ओळींवर काट मारली. खाली आबांनी, एकेक अक्षर जपून, लिहिलं, 'वाचले. पाने कापली आहेत. आता कोणालाही वाचता येईल.' यंदाच्या यादीत ते पुस्तक एकाच सहीवर आहे.

परवा आबांना गंगापूरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीशी उभी होते. शेजारच्या पागोटेवाल्याला ते सांगत होते, "ही माझी लेक. लई वाचती." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत पुढं म्हणाले, "बासष्ट पानं तर उभ्या उभ्या."