आशाबाय आणि बिनडोळ्यांचा मासा

आशालताबाईंनी, म्हणजे आमच्या मासेवाल्या आशाबायने, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या नजरेने पनवेलच्या मासळी बाजारातला सगळा बर्फ वितळला असावा. माझा गुन्हा एवढाच, की मी पापलेटच्या पोटात बोट खुपसून "ताजं आहे ना?" असं विचारलं होतं. मागची रांग खारघरपर्यंत गेली तरी तिने माझा वर्ग सोडला नाही. डोळा चकचकीत हवा, कल्ले लाल हवेत, खवलं घट्ट हवीत. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत ते पापलेट खरंच शिळं झालं.

पुढे दहा वर्षं मी तिचं गिऱ्हाईक. ताटातल्या काट्यावरून ती माशाचं नाव सांगायची आणि कालवण कोणत्या सुनेने बिघडवलं तेही.

२०१२च्या मे महिन्यात बेलपाड्याचा काशिराम बादली घेऊन आला. त्याच्या विहिरीतून पाण्याबरोबर एक प्राणी वर आला होता. दीड वीत लांब, पेन्सिलीएवढा जाड, गुलाबी. घरातल्यांनी त्याला सापाचं पिल्लू ठरवलं आणि विहीर बुजवायला रविवारी मातीचा डंपर सांगून ठेवला. विहीर काशिरामच्या वडिलांनी स्वतः खणलेली.

"मासा हाय असा सांग, आशाबाय," तो म्हणाला. "तुजा शब्द पोरा ऐकतील."

"मी सांगून मासा होतो काय रे?"

तिने तो प्राणी तळहातावर घेतला. डोळे नाहीत. खवलं नाहीत. पर नाहीत. कल्ल्यांच्या जागी दोन्ही बाजू गुळगुळीत. समोरच्या पाटीवरची मालू म्हणाली, गांडूळ आहे, गळाला लाव. आशाबायने सुरमईच्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं, यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचं आम्हाला कळलं. मलाही तिने थांबवलं आणि प्राणी बादलीत सोडून त्याच्याकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने त्या प्राण्याने तोंड वर काढलं, हवा घेतली, गळा फुगवला आणि तळ गाठला. तिने त्याला उचलून उलटा केला. गळ्याखाली एक बारीक चीर होती. ती नखाने जराशी उघडली, तर आत लालभडक.

"कल्ला हाय," ती म्हणाली. "मासाच हाय. जमिनीखाली कालोख, डोल्यांचा काय करंल तो?"

मी नाव विचारलं.

"नाव माना म्हायती नाय."

हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मालूने तर दोनदा म्हणायला लावलं.

खारघरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना मी फोटो पाठवला. आशाबायने एका वाक्यात सांगितलेलं त्यांनी तीन पानांत कळवलं: भूजलात राहणारा, वाम या लांबट माशासारखा दिसणारा आंधळा मासा, क्वचितच सापडणारा. तोवर काशिरामने बादली तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरून रिक्षाने घरी नेली होती आणि मासा विहिरीत सोडला होता. डंपर रद्द झाला.

दोन वर्षांनी काशिरामच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली. विहीर तेव्हा बुजवली.